भिंतीला टेकून बसलेला मुलगा

कादंबरीतल्या माणसांसाठी रडावं की नाही, यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी आणि माझी आई. दुसऱ्या पक्षात उरलेलं सगळं घर. "छापलेल्या कागदासाठी कसलं डोळे पुसतेस?" हा विरोधी पक्षाचा ठरलेला प्रश्न. त्यावर आईचं उत्तर असतं, "तुम्ही क्रिकेटसाठी रडता ते चालतं होय?" आणि मग विषय भलतीकडेच जातो.

माझं स्वतःचं निरीक्षण असं, की मोठ्या माणसांच्या दुःखाने मी फारशी हलत नाही. कादंबरीतले प्रेमभंग, म्हातारपणं, इस्टेटीची भांडणं हे सगळं मी चहाबरोबर निवांत वाचू शकते. पण पुस्तकात एखादं मूल एकटं पडलं, चार पोरांनी मिळून त्याला कोपऱ्यात घेतलं, की चहा गार होतो. हे लहानपणापासूनचं आहे आणि वयाने काही कमी झालेलं नाही.

अशी मुलं आपल्याकडे बरीच आहेत. साने गुरुजींचा श्याम आहेच. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक आजही घराघरात रडवतं. पण श्यामची काळजी वाटत नाही, कारण त्याच्यामागे आई उभी आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा, मनातल्या मनात सतत बोलणारा. लंपनचं एकटेपण खरं आहे, पण त्याच्याभोवती माया इतकी आहे की वाचताना हसूच जास्त येतं. इंग्रजी कादंबऱ्यांत तर अशा पोरांची रांगच लागलेली असते. डेव्हिड कॉपरफील्डपासून जिन्याखालच्या कपाटात झोपणाऱ्या हॅरी पॉटरपर्यंत. हॅरीला निदान जादूच्या शाळेतून पत्र तरी येतं.

मला सगळ्यात जास्त छळणारा मुलगा मात्र कागलचा आहे. त्याला जादूच्या शाळेतून पत्र येत नाही. त्याला मिळते ती बाजारातून आणलेली एक टोपी आणि नाडीची चड्डी. आणि गंमत म्हणजे तेवढ्याने त्याचं काम होतं.

आनंद यादवांची 'झोंबी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. १९८७ साली ती आली आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. यादवांनी ती स्वतःच्या बालपणावरच बेतली. यादव १९३५ चे, म्हणजे कादंबरीतला काळ स्वातंत्र्याच्या आगेमागेचा. तिच्यातला एक भाग 'जूझ' या नावाने सीबीएसईच्या बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात अनेक वर्षं शिकवला जातोय. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कागल पाहिलं नाही, अशा दिल्ली-पाटण्याच्या पोरांनाही हा मुलगा ठाऊक आहे. आपल्याकडच्या पोरांना ठाऊक आहे की नाही, ते मात्र विचारू नका.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आनंदाला शाळेत जायचंय. वडिलांनी, म्हणजे दादांनी, त्याला शाळेतून काढून शेतात जुंपलंय. पोरगा पाणी पाजतो, गुरं राखतो, आणि आतल्या आत तडफडतो. जन्मभर मातीत राबून हाती काही लागणार नाही, शिकलो तर निदान नोकरी लागेल, एवढा साधा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. दादांसमोर तोंड उघडायची सोय नाही. आई गोवऱ्या थापत बसलेली असताना तो तिच्याजवळ विषय काढतो. मग मायलेक रात्री गुपचूप गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात. दत्ताजीराव दादांना बोलावून फैलावर घेतात. तुला जमत नसेल तर फी मी भरतो, म्हणतात. दादा कबूल होतात, पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत शेतात काम, तिथूनच थेट शाळा, शाळा सुटली की तासभर गुरं चारायची, आणि शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळेला सुट्टी.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटतं, चला, सुटलं पोरगं! पण खरं दुखणं इथून सुरू होतं.

आनंदा पुन्हा पाचवीच्या वर्गात जाऊन बसतो. बरोबरीची मुलं पुढे गेलेली. गल्लीतली एक-दोन ओळखीची सोडली, तर वर्गात सगळी त्याच्याहून लहान पोरं. अंगात मातीने मळलेलं धोतर, जुनीपानी पुस्तकं. चव्हाणांचा एक वांड मुलगा त्याला हेरतो. त्याच्याजवळचं फडकं हिसकावून स्वतःच्या डोक्याला गुंडाळतो, मास्तरांची नक्कल करतो आणि ते फडकं मास्तरांच्या टेबलावर ठेवून देतो. वर्ग खो खो हसतो. मास्तर आत येतात तेव्हा ते फडकं तिथेच असतं. हे कुणाचं, म्हणून चौकशी होते. मधल्या सुट्टीत तोच पोरगा आनंदाच्या धोतराचा काष्टा ओढायला बघतो. आनंदा काय करतो? भांडत नाही, रडत नाही, मास्तरांकडे जात नाही. भिंतीला पाठ टेकून बसतो. काष्टा ओढता येऊ नये म्हणून सगळी सुट्टी भिंतीला चिकटून.

या ठिकाणी मी दरवेळी पुस्तक मिटते. पाच मिनिटांनी परत उघडते.

ज्या शाळेसाठी या पोराने रात्री आईला घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं धाडस केलं, बापाच्या सगळ्या अटी मान्य केल्या, त्या शाळेत पहिल्याच दिवशी त्याला वाटतं की उद्यापासून इथे येऊच नये. त्यापेक्षा शेत बरं. बापाच्या माराने जे झालं नव्हतं ते एका दिवसाच्या हसण्याने होत आलं होतं.

आता शब्दांचा एक घोळ बघा. इंग्रजीत ज्याला 'बुलिंग' म्हणतात, त्याला आपल्याकडे धड शब्द नाही. 'चिडवणं' म्हणावं तर ते लाडातही असतं. 'खोडी काढणं' म्हटलं की कृष्णाची आठवण येते. 'मस्करी' म्हटलं की ज्याची झाली त्यानेही हसायचं असतं. 'दांडगाई' थोडा जवळ जातो, पण त्यात हातापायांची ताकद आली. 'रॅगिंग' हा शब्द आपण कॉलेजसाठी राखून ठेवला आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदाही केला. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. पण मधल्या सुट्टीत पाठीमागून काष्टा ओढणाऱ्या हाताला काय म्हणायचं? नाव नसलेल्या दुखण्याचं असं होतं की मूल घरी येऊन सांगू शकत नाही. "चिडवतात" म्हटलं की घरचे म्हणतात, "मग तूही चिडव!"

आमच्या सोलापूरला या बाबतीत फार शहाणपणा मिरवायचं कारण नाही. हे चार भाषांचं गाव. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्यांची सरमिसळ. रिक्षावाला एका वाक्यात तीन भाषा बोलतो आणि आपल्यालाही त्या कळतात, याचा आम्हाला अभिमान. पण वर्गात ही सरमिसळ इतकी गोड नसायची. आमच्या वेळी पूर्व भागातून येणाऱ्या मुली असायच्या. घरी तेलुगू, वडील मागावर, आई घरी बसून विड्या वळणारी. मराठीत 'तो' आणि 'ती'ची गडबड झाली की वर्गात खसखस पिकायची. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वह्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. येणारच ना वास! एका खोलीचं घर, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू पसरलेली, त्याच खोलीत अभ्यास. विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या जोरावर या शहरात किती घरं चालली, किती पोरं शिकली, हे आम्हाला कुणी भूगोलाच्या तासाला सांगितलं नाही.

तिचं एकटेपण संपलं ते अगदी फालतू कारणाने. भूगोलाचा नकाशासंग्रह दोघींत एक वापरायची वेळ आली, आणि दुसऱ्या एका मुलीकडे तो नव्हता. ती आली आणि बसली हिच्या शेजारी. वासाबद्दल काही बोलली नाही. सहानुभूतीने आली असंही नाही. तिला नकाशासंग्रह हवा होता. पण महिनाभराने त्या दोघी एकत्र डबा खायला लागल्या, आणि पुढे दहावीपर्यंत त्यांना कुणी वेगळं पाहिलं नाही.

'झोंबी'तही तसंच होतं. तिथला नकाशासंग्रह म्हणजे वसंत पाटील. अंगाने किरकोळ, पण गणितात हुशार, शांत मुलगा. मंत्री मास्तर गणित शिकवायला येतात तेव्हा वांड पोरांना आपोआप चाप बसतो. ते पाठीत रट्टे घालायचे म्हणे. वसंताची सगळी गणितं बरोबर येतात, म्हणून त्याला इतरांची तपासायचं काम मिळतं. आनंदा त्याच्याजवळ बसायला लागतो, त्याचं बघून वह्या-पुस्तकांना वर्तमानपत्राचे कागद घालतो, त्याच्यासारखी गणितं करायला लागतो. वसंत पाटील आनंदाला वाचवायला कुठे धावून जात नाही. चव्हाणाच्या पोराशी मारामारी करत नाही. तो फक्त शेजारी बसू देतो.

त्याआधी टोपी-चड्डीची गोष्ट झालेली असते. आनंदा आईच्या मागे लागतो, आणि बाजारातून त्याला टोपी आणि नाडीची चड्डी मिळते. किती साधा उपाय! धोतरच नाही तर काष्टा कुठला ओढणार? पोराने प्रश्नाच्या बरोबर मुळाशी हात घातला. मोठ्या माणसांनी या जागी धैर्यावर भाषण दिलं असतं.

आणि तिसरी गोष्ट. मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारायला लागतात. घरात आई कधीतरी प्रेमात असली तर तसं म्हणायची, तेवढंच. बाहेरच्या जगात आपल्याला पूर्ण, नीट नावाने कुणी हाक मारतंय, हे त्या पोराच्या आयुष्यात पहिल्यांदा घडतं. एका नीट हाकेने शाळेत मन रमायला लागतं.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे सौंदलगेकर मास्तर, त्यांचं चालीवर कविता म्हणणं, त्यांच्या दारातली मालतीची वेल आणि तिच्यावर त्यांनी केलेली कविता. कवी म्हणजे आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं असतात हा आनंदाला लागलेला शोध. मग गुरं राखताना कागद नसला तर काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहायच्या, नाहीतर खड्याने दगडावर, पाठ झाल्या की पुसून टाकायच्या. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. आधी शेतात एकट्याने पाणी पाजताना त्याला कंटाळा यायचा, कुणीतरी गप्पा मारायला असावं असं वाटायचं. कविता आल्यावर उलटंच झालं. एकटं असलं तर बरं वाटायला लागलं, कारण मोठ्याने म्हणता येतं, हातवारे करता येतात, नाचता येतं. शेत तेच आणि एकटेपणही तेच. फक्त ते आता कुणी लादलेलं राहिलं नाही, त्याचं स्वतःचं झालं.

आणि तो चव्हाणाचा पोरगा? वाचणाऱ्याला वाटत असतं की त्याची चांगली खोड मोडावी. मलाही वाटतं, दरवेळी वाटतं! पण त्या भागात यादव त्याचा काही सूड उगवत नाहीत. तो नुसता गोष्टीतून मागे पडतो. आनंदाच्या आयुष्यात बघण्यासारखं दुसरं काही आलं, एवढंच.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फारच सोपं वाटेल. सगळी एकटी पोरं टोपी-चड्डीने सुटत नाहीत. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात हन्नूर नावाचं गाव आहे. शरणकुमार लिंबाळे तिथले. त्यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे, आणि आत्मकथन आहे म्हणूनच "हे खोटं असतं गं" हा विरोधी पक्षाचा मुद्दा तिथे चालत नाही. त्यात शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुलं एका झाडाखाली जेवतात, महारांची मुलं वेगळी दुसरीकडे. मग उरलंसुरलं या मुलांना मिळतं. पोरं ते मिटक्या मारत खातात. घरी येऊन सांगितल्यावर आई म्हणते की माझ्यासाठी का नाही आणलंस. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गाला काय सांगतात? सहलीवर निबंध लिहा.

त्या निबंधाच्या कोऱ्या पानाचा विचार करा. त्याला एका चव्हाणाच्या पोराने भिंतीला लावलेलं नाही, सगळ्या गावाने मिळून लावलंय. वडिलांच्या नावाचा प्रश्न आला की शाळेचं रजिस्टरसुद्धा त्याच्या विरोधात उभं राहतं. तिथे एका वसंत पाटलाने शेजारी बसू दिल्याने काय होणार? थोडं होईलही, पण पुरणार नाही. तिथे कायदा लागतो, चळवळ लागते, बाबासाहेब लागतात, आणि त्या मुलाने मोठं होऊन स्वतः लिहावं लागतं. लिंबाळ्यांनी लिहिलं. त्यांच्या 'सनातन' कादंबरीला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. म्हणून एकट्या पोरांबद्दल गहिवरून बोलताना दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकू नयेत असं मला वाटतं. चिडवणं आणि बहिष्कार यांत फरक आहे, आणि तो पोरांनाही समजावून सांगावा.

आता हे सगळं आत्ताच का आठवलं, ते सांगते. नातेवाईक मंडळींना निम्मं माहीत आहेच.

माझी धाकटी बहीण दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे सोलापूरहून पुण्याला गेली. आमच्या गावची निम्मी तरुण माणसं शेवटी तिथेच जातात, त्यात नवीन काही नाही. भाचा पाचवीत. इथे असताना दिवसभर तोंडाची टकळी चालू. तिकडे शाळेत पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत बाईंनी विचारलं, काय चाललंय रे, तर हा म्हणाला, "जेवलालोय की बाई." झालं! वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट हेतूने नसेल, पण हसल्या. मग एका पोराला कळलं की हा सोलापूरचा. तेव्हापासून याचं नाव 'चादर'. "ए चादर, इकडे ये." "ए चादर, घडी करू का तुझी?" कुणाचा स्वेटर अंगावर टाकायचा आणि म्हणायचं, चादरीवर चादर! त्याच्या तोंडात बसलेलं 'बे' निघालं की आणखी हसणं.

सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जकार्डच्या मागावर तिच्यात मोर आणि फुलं विणली जातात, आपल्या कित्येक घरांत ती वीस-वीस वर्षं टिकते, वगैरे वगैरे मला पुष्कळ सांगता येईल. पण दहा वर्षांच्या पोराला 'चादर' म्हणून हाक मारली जाते तेव्हा मानांकनाचा उपयोग होत नाही. त्याचं नाव काढून घेतलेलं असतं.

बहिणीला हे पत्ता लागू देत नव्हता तो. तिला दिसत होतं ते एवढंच, की पोरगा घरीसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलायला लागलाय, मोजून-मापून. मार्चमध्ये म्हणाला, "आई, आपण परत सोलापूरला जाऊया ना." वडील म्हणाले, "होईल सवय, टणक व्हायला नको का?" त्यांचंही चूक म्हणत नाही मी, तेही कधीकाळी टणकच झाले असणार.

गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे आला. सोलापूरचा मे तुम्हाला माहीत आहे, बेचाळीस-त्रेचाळीस अंश म्हणजे काहीच विशेष नाही. दुपारी बाहेर पडायची सोय नाही. कूलरसमोर चटई टाकायची आणि काहीतरी वाचायचं हा आमचा जुना नेम. मी 'झोंबी' काढली. त्याला काही शिकवायचा वगैरे बेत नव्हता. जाड पुस्तक आहे, महिना जाईल, एवढाच विचार. रोज दहा-बारा पानं मोठ्याने वाचायची. अवघड असेल ते गाळायचं. मारहाणीचे काही भाग मी गाळले, ते त्याने पकडलं. "मावशी, तू पान उलटलंस!" म्हणाला.

शाळेच्या त्या दिवसावर आलो. फडकं झालं. टेबल झालं. मधली सुट्टी झाली. आनंदा भिंतीला पाठ टेकून बसला. मी नेहमीप्रमाणे थांबले.

तो छताकडे बघत म्हणाला, "मी पाण्याच्या टाकीला टेकतो."

मी काही विचारलं नाही. कूलरचा आवाज तेवढा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चादर, स्वेटर, बाईंचं हसणं, कुठल्या बाजूने कोण येतं, टाकीच्या कोणत्या बाजूला उभं राहिलं की पाठ सुरक्षित राहते. आईला जे वर्षभर सांगितलं नव्हतं ते त्याने आनंदाचा आधार घेऊन सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "वाच ना पुढे. त्याचं पुढे काय होतं?"

आम्ही पुढे वाचलं. टोपी-चड्डी आली तेव्हा तो खूश झाला. मंत्री मास्तरांचे रट्टे फार आवडले. (कायदा तेव्हा नव्हता ना!) वसंत पाटील आला, दोघं एकत्र गणितं करायला लागले, तेव्हा मात्र गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आमच्या वर्गात वसंत पाटील नाहीये."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "असेल रे, शोध" असं म्हणणं सोपं आहे. पण एकट्या पडलेल्या पोरानेच उठून मित्रही शोधायचा, म्हणजे जखम झालेल्यानेच डॉक्टरही व्हायचं. मी एवढंच विचारलं, "वर्गात गणित कुणाला छान येतं?" "एक आहे. बोलत नाही कुणाशी." "मग तो कुठे बसतो?" "पहिल्या बाकावर. एकटाच."

त्या रात्री त्याच्या परवानगीने मी बहिणीला फोन केला. परवानगी घेतली, कारण असल्या गोष्टी त्याच्या पाठीमागे करणं म्हणजे परत पाठीमागून काष्टा ओढण्यासारखंच. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ती वर्गाच्या नव्या बाईंना जाऊन भेटली. तक्रार अशी केली नाही. तिने तीन गोष्टी मागितल्या. त्याला त्याच्या नावाने हाक मारा, मुलांनाही मारायला लावा. जमलं तर पहिल्या बाकावर त्या गणितवाल्या मुलाशेजारी बसवा. आणि सोलापुरी बोलला तर हसू नका, उलट एखादा दिवस सगळ्यांना आपापल्या गावचं मराठी बोलू द्या. बाई नव्या होत्या, तरुण होत्या, त्यांनी ऐकून घेतलं. त्या मूळच्या वऱ्हाडातल्या निघाल्या, म्हणजे त्यांच्याकडेही 'बे' चालतोच! :-)

गावच्या मराठीचा तास झाला म्हणे. एका पोराने मालवणी म्हटली, एकीने अहिराणी. आमच्या पठ्ठ्याने "काय करलालाय बे" म्हणून दाखवलं आणि सगळ्यांकडून म्हणूनही घेतलं. सगळं मिटलं असं मात्र कुणी समजू नका. 'चादर' अजून अधूनमधून ऐकू येतं. वांड पोरं कुठे लगेच बदलतात? पण पहिल्या बाकावर आता दोघं बसतात. दुसऱ्याला बोलायला फारसं आवडत नाही, आणि आमच्याला परत टकळी सुटलीय, त्यामुळे जोडी बरी जमलीय. मधल्या सुट्टीत टाकीकडे जातात, पण पाणी प्यायला.

विरोधी पक्षाला यावर काय म्हणायचंय ते मी अजून विचारलेलं नाही. पण छापलेल्या कागदासाठी कसलं रडतेस, या प्रश्नाचं उत्तर मला थोडंफार सापडलंय असं वाटतं. आनंदासाठी डोळे पुसून आनंदाला काही मिळत नाही, ते खरंच. १९४० च्या दशकातला तो पोरगा आपली झोंबी एकट्याने खेळला, मोठा लेखक झाला, आणि २०१६ साली गेलाही. पण त्याने ती सुट्टी आठवून, भिंत आठवून, काष्टा आठवून इतकं बारीक लिहून ठेवलं नसतं, तर आमच्या पोराला टाकीबद्दल सांगायला शब्द कुठून मिळाले असते?

'झोंबी' तो पुण्याला घेऊन गेलाय. माझी प्रत होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा असलेली. परत कधी देणार विचारलं तर म्हणतो, "तो वाचलालाय." तो म्हणजे पहिल्या बाकावरचा. दोघांनी मिळून जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला यायचं ठरवलंय, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला. पुस्तक तेव्हा आणतील म्हणे. बघू.